धुतलेला डबा

माझ्या पातोड्या कचऱ्यात पडताना मी पाहिल्या.

चमच्याने खरवडून. तळाला चिकटलेली शेवटची पातोडीसुद्धा. सुमनकाकूंनी लोखंडी पिंपाचं झाकण कोपराने उचलून धरलं होतं. एका हातात माझा स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. काम झाल्यावर त्यांनी पाण्याची बाटली उघडून डबा विसळला. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून कोरडा केला. पर्समधून नॅपकिनची पुरचुंडी काढली, त्यातल्या दोन नारळाच्या वड्या डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. घाई नाही. इकडेतिकडे बघणं नाही. हात सरावलेला होता.

मी एका खिडकीत उभी होते. लाकडी गज, आत अंधार. बाहेरून मी दिसत नसणार.

कुणाची खिडकी होती ती, ते सांगते. पण आधी डब्याचं सांगते.

आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहतो. मूळचे नागपूरचे. इथल्या मराठी लोकांची सहल असो, कोजागिरी असो, पॉटलक ठरलेलं. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. खाण्याचं सगळं सुमनकाकू बघतात. वयाने मोठ्या, हौशी, तोंडाने गोड. त्यांचे मिस्टर म्हणजे काका, माझ्या नवऱ्याच्या कंपनीत वरच्या जागेवर. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते काकांच्या हातात. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला. ग्रीन कार्डच्या रांगेत आमचं अर्धं आयुष्य उभं आहे. त्यामुळे काकूंनी बस म्हटलं की आम्ही बसतो.

मी पातोड्या करते. बेसन शिजवून, ताटाला तेल लावून थापायचं, वर खोबरं, खसखस, कोथिंबीर. विदर्भातल्या माणसाला वास आला की तो पत्ता विचारत येतो. पहिल्या वर्षी डबा परत यायचा तो तेलकट, बेसनाचे कण चिकटलेला, कधी झाकण दुसऱ्याच डब्याचं. घरी येऊन मला तो घासावा लागायचा. मी कुरकुर करायची.

मग एकदा माझी लेक चारू तापाने पडली. काकू खिचडी घेऊन घरी आल्या. खरंच आल्या, ते नाकारत नाही. हॉलमध्ये आमच्या लोकांच्या घराघरांत असतो तो फोटो आहे. निळ्या कोटातला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, चारूच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “नागपुरात तुम्ही नक्की कुठल्या भागात राहायचात गं?”

मी भाग सांगितला. त्या “अस्सं” म्हणाल्या. चहा ठेवला होता, तो नको म्हणाल्या. अ‍ॅसिडिटी.

त्यानंतर माझा डबा धुऊन यायला लागला. लखलखीत. आत वडी, नाहीतर लाडू. रिकामं भांडं परत देऊ नये, ही आपली रीत. आणि वर कौतुक: “तुझ्या पातोड्या सगळ्यात आधी संपल्या बघ.” मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, बघ, माणसं बदलतात. नुसता डबा देत नाहीत, धुऊन देतात. मान देतात.

मान! त्या लखलखीत डब्यात मी माझं तोंड बघत होते इतकी वर्षं.

आता खिडकीचं.

सहल होती उत्तर जॉर्जियात, गाडीने दीडेक तासावर. पाइनच्या झाडांत एक विटांचं दुमजली घर. दोनशे वर्षांपूर्वी चेरोकी लोकांतल्या एका श्रीमंत माणसाचं. चारूला आठवीत जॉर्जियाचा इतिहास आहे, म्हणून तिनेच ही जागा सुचवली होती. मंडळींना काय, सावली आणि पिकनिक टेबलं मिळाली की झालं. गेल्या गेल्या मी डबा काकूंच्या हातात दिला आणि आम्ही गाइडच्या मागे निघालो. काकू म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे, मी मांडामांड करते.”

गाइड एक म्हातारी काळी बाई होती. हळू बोलायची, पण एकही शब्द गिळायची नाही. तिने सांगितलं की इथली सगळी जमीन चेरोकींची होती. जॉर्जियाच्या गोऱ्यांना ती हवी झाली. पुढे डोंगरात सोनं सापडलं, मग तर धीरच राहिला नाही. सरकारने जमिनीचे तुकडे पाडले आणि लॉटरी काढली. ड्रममध्ये चिठ्ठ्या घालून. ज्याचा नंबर लागला तो कागद घेऊन दारात हजर. आत माणसं राहतायत, चुलीवर भांडं आहे, आणि दारात हा. म्हणे, हे घर माझं, मला लागलंय.

काका मोठ्याने हसले. “आपल्यासारखंच की यार! आपलाही लॉटरीतच नंबर लागला!”

कामाचा व्हिसाही इथे लॉटरीनेच मिळतो. सगळे हसले. माझा नवराही हसला. मी पण ओठ ताणले असतील.

चारू हसली नाही. “काका, दॅट्स नॉट फनी,” ती म्हणाली. नवऱ्याने तिचा दंड दाबला.

शेवटी सैनिक आले, गाइड म्हणाली. लोकांना घरातून काढून गोठ्यांसारख्या कुंपणांत कोंडलं आणि पश्चिमेला चालवत नेलं. शेकडो मैल. थंडीत. वाटेत माणसं मरत गेली. मग ती घरामागच्या एका खोपटाकडे वळली. हे स्वयंपाकघर, म्हणाली. आणि इथे शिजवणाऱ्या बायका गुलाम होत्या. या घराच्या मालकाच्या. चेरोकी मालकाच्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्याचं घर पुढे हिसकावलं जाणार, त्याच्याच परसात गुलाम?

“होय,” ती म्हणाली. “आणि ते लोक चालायला लागले तेव्हा त्यांचे गुलामही चालले. लाकडं फोडत, स्वयंपाक करत. त्यांच्या चालण्याबद्दल फार कुणी विचारत नाही.”

त्या खोपटात एक साखरेची लाकडी पेटी होती, कुलपाची. ती दाखवत गाइडने सांगितलं की त्याच काळात उत्तरेकडे काही बायका गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. सरकारकडे अर्ज पाठवायच्या. त्यातल्या काहींनी घरात गुलामांच्या हातची साखर आणायचीच बंद केली. चहा कडू प्यायच्या. लोक त्यांची टर उडवायचे.

मी विचारलं, “इथे स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नावं काय होती?”

गाइडने त्या पेटीवर हात ठेवला. “फार थोडी माहीत आहेत. इथे उभं राहून ज्या शिजवायच्या, त्यांची नाहीत.”

मंडळी पुढे गेली, मोठ्या घराचा जिना बघायला. माझा पाय निघेना. चुलीचा दगड काळा होता अजून. थंडगार. मी त्याला हात लावला आणि माझी आई आठवली. दिवाळीत ती शेजारी फराळाचं ताट पाठवायची. एकदा शेजारच्यांची कामवाली जिन्यात दिसली. हातात आमच्या ताटातल्या शेवेचा पुडा, जसाच्या तसा. आईने तो बघितला. काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीला शेव फक्त आमच्यापुरती केली. ती गप्प का राहिली, हे मी तिला कधी विचारलं नाही. आणि विमानात बसले तेव्हा वाटलं होतं, तो जिना मागे राहिला.

मला तिथे, त्या अंधारात, शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. भूतबीत मी मानत नाही. पण उष्ण श्वास असतो ना माणसाचा, तसं. मी खिडकीकडे वळले. आणि बाहेर, पिंपापाशी, सुमनकाकू माझा डबा घेऊन उभ्या होत्या.

बाकी तुम्हाला माहीत आहे.

मी लगेच बाहेर आले नाही. एक मन म्हणत होतं, व्हिसा. चारूची शाळा. गप्प बस, बाई, नुसत्या पातोड्या आहेत. दुसरं मन त्या पिंपाकडे बघत होतं. त्या खोपटातल्या बाईला रांधायलाच लागायचं, आणि तिच्या हातचं मोठ्या घरात मिटक्या मारत खाल्लं जायचं. माझ्या हातचं कुणी खाणार नाही. माणसाला खाली ढकलायच्या किती तऱ्हा! एकीकडे राबवून घेतात, दुसरीकडे शिवत नाहीत. आणि नाव दोघींचंही उरू देत नाहीत.

टेबलावर सगळे जेवत होते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, पुलाव, श्रीखंड. काकू माझ्याकडे आल्या. हसऱ्या.

“घे गं बाई तुझा डबा. कुठे होतीस? पातोड्या सगळ्यात आधी संपल्या. नेहमीसारख्या.”

मी डबा घेतला. झाकण काढलं. दोन्ही वड्या उचलल्या आणि काकूंच्या तळहातावर ठेवल्या.

“वडी नको, काकू. पातोड्या कुठे गेल्या ते मी पाहिलंय.”

“काय पाहिलंस?”

“त्या पिंपात. तुमच्या हाताने.”

काकूंचा चेहरा उतरला नाही. तेच आश्चर्य. त्या म्हणाल्या, “अगं, काहीतरीच काय! चार उरल्या होत्या, उन्हात खराब झाल्या असत्या. पोरांच्या पोटात जायला नकोत.”

मी टेबलाकडे वळले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. “इथे कुणी आज माझी पातोडी खाल्ली? एक तरी?”

कुणी पुरी तोडत राहिलं. कुणी फोन काढला. कुणीतरी पाणी मागितलं. माझा नवरा ताटाकडे बघत होता.

“आय नेव्हर सॉ इट ऑन द टेबल,” चारू म्हणाली. “आई, इट वॉज नेव्हर देअर. लास्ट टाइम ऑल्सो.”

काका उठले. “अगं, किती छोटी गोष्ट! पिकनिकला आलोय आपण. मूड का घालवायचा?” मग नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाले, “समजाव जरा. उगाच पुढे प्रॉब्लेम नको.”

सगळ्यांना ऐकू गेलं. त्यासाठीच ते हळू बोलले होते.

मी नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस नागपुरात मोर्च्यात घोषणा द्यायचा. आवाज बसेपर्यंत. आता त्याच्या तोंडात पुरीचा घास होता, तो गिळताही येईना आणि थुंकताही. मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

“चल,” मी चारूला म्हटलं. आम्ही दोघी गाडीत जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तोही आला. गाडी सुरू केली.

हायवेला लागल्यावर म्हणाला, “जाऊ दे ना यार. यांच्याबरोबरच राहायचंय आपल्याला. थोडे दिवस फोटो वरच्या खोलीत लावू. पोरीसाठी तरी.”

मागून चारूने विचारलं, “आई, बिकॉज ऑफ व्हॉट? व्हाय वुड शी थ्रो इट?”

तोपर्यंत आम्ही तिला सांगितलं नव्हतं. तिला हा घाण वारसा कशाला, असं आमचं चालायचं. मी सांगितलं. आईच्या शेवेपासून सगळं. सरळ शब्दांत, जात हा शब्द उच्चारून. चारू पुढे वाकली. मग म्हणाली, “सो दोज लेडीज विथ द शुगर. दे ऑल्सो डिडन्ट ईट इट.”

“हो,” मी म्हटलं. “पण त्या बायकांनी राबणाऱ्या माणसासाठी ताट बाजूला सरकवलं. यांनी माणूसच सरकवला.”

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी उभं असतं. बेसन हाटायला घेतलं की पाठीमागे तो उष्ण श्वास येतो. मी वळून बघत नाही. आधी भीती वाटायची. आता मी कढईशी थोडी सरकून उभी राहते. त्या खोपटातल्या बाईला जागा होते. नाव माहीत नाही म्हणून हाक मारता येत नाही, एवढंच डाचतं.

फोटो हॉलमध्येच आहे. नवऱ्याने काढायला हात वर केला होता, चारू फोटोखाली उभी राहिली. नुसती उभी. त्याने हात खाली घेतला. कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलेलं नाही. काका फोन उचलत नाहीत. जाईलही. सामान बांधावं लागेल. बांधू. आमच्या दारात कागद घेऊन कुणी उभा राहिलाच, तर निदान मी ओठ ताणून हसणार नाही.

पुढच्या पॉटलकचा मेसेज ग्रुपवर आला. कुणी काय आणणार? काकूंनी माझ्या नावापुढे स्वतःच टाकलं होतं: पेपर प्लेट्स आणि बर्फ.

मी ते खोडलं. लिहिलं, पातोड्या.

मी डबा कुणाच्या हातात देणार नाही. टेबलाच्या मधोमध ठेवीन आणि शेजारी उभी राहीन. मीच वाढीन. सुमनकाकूंच्या ताटापासून सुरुवात करीन. नको असेल तर नको म्हणा. चारचौघांत म्हणा, माझ्या डोळ्यांत बघून म्हणा, आणि का नको तेही सांगा. माझी लेक शेजारी उभी असेल, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा.

आणि डब्याला हात लावू नका. तो मी घरी नेऊन घासणार आहे.