कागदावरचा कोच

विलासचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या बैठकव्यवस्थेवर सह्या करत होतो. "सर, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ पलीकडून नुसता बायकांच्या रडण्याचा आवाज येत राहिला... विलास हा तायडे सरांचा मुलगा, सुलतानपूरला घरची शेती करतो. मी त्याला विचारायचं ते विचारलं, कधी गेले, काय झालं होतं, माती किती वाजता. फोन ठेवला, आणि उपप्राचार्य या नात्याने पहिलं काम केलं ते फळ्यावर लावायची सूचना लिहिण्याचं. 'आपल्या महाविद्यालयाचे निवृत्त प्रयोगशाळा परिचर श्री. तायडे यांचे दुःखद निधन झाले.' इथे पेन थांबलं. तीस वर्षांहून अधिक काळ या माणसाने चिखलीच्या पोरापोरींना टेनिस शिकवलं, हे एक वाक्य पुढे लिहायला हवं होतं. पण कॉलेजच्या कागदपत्रांत तसं कुठेच नाही, आणि का नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी खाली सही केली आणि कागद शिपायाकडे दिला. त्या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

तायडे सर तरुणपणी बुलढाण्याला साहेबलोकांच्या एका क्लबात कोर्टावर पाणी मारायच्या कामाला होते. डबल्सला चौथा भिडू कमी पडला की साहेब त्यांना हाक मारत, आणि चार दिवसांनी त्याच साहेबांना त्यांच्यासमोर हरायची लाज वाटू लागली, असं ते हसत सांगायचे. पुढे आमच्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर म्हणून चिकटले. लॅबच्या मागे गाजरगवताने भरलेली जागा होती. तिथे कोर्ट करू का, म्हणून त्यांनी तेव्हाच्या प्राचार्यांना विचारलं. "करा काय करायचं ते, फक्त माझ्याकडे काही मागू नका," असं उत्तर मिळालं. तायडे सरांना तेवढं पुरेसं होतं. त्यांनी गवत उपटलं, मुरूम आणून पसरला, रस्त्याच्या कामावरचा रूळ दोन दिवस मागून आणला आणि चुन्याच्या रेषा मारल्या. चिखलीत त्या वेळी टेनिस म्हणजे टीव्हीवर दिसणारी गोष्ट होती. आम्ही अडत दुकानदारांची पोरं, आमचा खेळ क्रिकेट. त्यातल्या मला या माणसाने बारावीच्या प्रॅक्टिकलला हेरलं. माझ्या हातून लोलक सुटला होता आणि तो खाली पडायच्या आत मी डाव्या हाताने झेलला होता. "सकाळी सहाले मांगं ये," ते म्हणाले. एवढंच.

ते शिकवायचे कसं, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. ओरडायचे भरपूर, पण रागावलेले कधी वाटले नाहीत. "संज्या, चेंडू तुह्याकडं येऊन राह्यला अन् तू काऊन तिकडं पाह्यतं बे? तिकडं काय तुह्या मावशीचं लगन हाय?" असं म्हणत स्वतः धावत जाऊन तो चेंडू परतवायचे, आणि तोही असा की मला एक पाऊल जास्त पळावं लागे. रॅकेटची जाळी तुटली की औरंगाबादशिवाय कोणी विणून देणारं नव्हतं. तायडे सरांनी लॅबमधलीच एक लोखंडी दांडी, कप्पी आणि यंग्ज मॉड्युलसच्या, म्हणजे तारेची लवचिकता मोजायच्या, प्रयोगाची वजनं घेऊन तरफेवर तार ताणायची युक्ती बसवली होती. किती वजन लटकवलं म्हणजे तार किती ताणली जाते, हे त्यांना बोटाने टिचकी मारून आवाजावरून कळे. पुढे मी एमएस्सी झालो, तरफेचा नियम वर्गात कितीतरी वेळा शिकवला, पण फळ्यावर आकृती काढताना माझ्या डोळ्यांसमोर तीच दांडी यायची.

एमएस्सी होऊन मी त्याच कॉलेजात, त्याच विभागात लेक्चरर म्हणून रुजू झालो आणि तिथून आमचं सगळं बिनसलं. बिनसलं म्हणजे भांडण झालं नाही, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी मी लॅबमध्ये शिरलो तर तायडे सर स्टुलावरून उठून उभे राहिले. "या सर," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी कोर्टावरसुद्धा 'संज्या' बंद झालं. बाकीचे प्राध्यापक त्यांना "तायडे, पाणी द्या," म्हणत. मी तसं म्हणू शकत नव्हतो, आणि चारचौघांत 'सर' म्हणायची हिंमत होत नव्हती. मग मी एक मधला मार्ग काढला, हाकच मारायची नाही. जवळ जायचं, खाकरायचं, आणि बोलायला लागायचं. इतकी वर्षं मी माझ्या गुरूला खाकरून बोलावलं. लिहितानाही लाज वाटते.

मग तो फॉर्म आला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघ पाठवायचा तर सोबतचा मार्गदर्शक प्राध्यापक वर्गातलाच पाहिजे, असा विद्यापीठाचा नियम निघाला. तोवर कोणी विचारतच नव्हतं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "नुसतं नाव लावायचंय हो." मी तायडे सरांकडे गेलो, खाकरलो. त्यांनी फॉर्म वाचला आणि माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "तुमचं नाव लावा सर. नाही तं पोरं घरी बसतीन. मी सामान घेऊन येतो न संगं." त्या पहिल्या वर्षी यात पाप काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण दुसऱ्या वर्षी कोणी विचारलंच नाही, आणि तिसऱ्या वर्षी मी स्वतः त्या रकान्यात सफाईने नाव लिहू लागलो. संघाच्या फोटोत मधल्या खुर्चीवर मी असायचो. तायडे सर फोटोग्राफरच्या मागे उभे राहून पोरींना "हसा बे, हरले का काय?" म्हणायचे. एकाही फोटोत ते नाहीत. मी सगळे काढून पाहिले.

आमच्या मुलींचा संघ विद्यापीठात पहिला आला, ते वर्ष मला विसरता येत नाही. त्या संघात नसरीन होती, चिखलीतल्या कापडवाल्यांची मुलगी. तिच्या अब्बांनी खेळायला परवानगी द्यावी म्हणून तायडे सर त्यांच्या दुकानासमोर ओळीने सहा दिवस जाऊन बसले होते, काही न बोलता; सातव्या दिवशी अब्बाच म्हणाले, "ले जाओ भाई, पर उठो यहाँ से." तिच्याच सर्व्हिसवर आम्ही अंतिम सामना जिंकलो. बक्षीस समारंभात उत्कृष्ट मार्गदर्शकाचं मानपत्र माझ्या नावाने निघालं. मी आदल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं की व्यासपीठावर जायचं, माइक घ्यायचा आणि म्हणायचं, हे माझं नाही, त्या दाराशी पाण्याची कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं आहे. खिशात चिठ्ठीही होती. पण निवेदकाने 'पहाटे उठून मुरमाचं कोर्ट स्वतःच्या हाताने तयार करणारे' असं माझं वर्णन केलं, टाळ्या पडल्या, शाल खांद्यावर आली... आणि मला त्या टाळ्या आवडल्या. खरं सांगायचं तर एवढंच झालं. वेळ कमी होता, पाहुण्यांना गाडी गाठायची होती, या सगळ्या सबबी मी नंतर जमवल्या. मी माइकसमोर दोन्ही हात जोडले, "धन्यवाद" म्हणालो आणि खाली उतरलो.

परतीच्या जीपमध्ये मी तायडे सरांना म्हटलं, "मी बोलणार होतो..." ते म्हणाले, "लोकं जेवाले खोळंबले होते सर. बरं केलं तुमी." मागून नसरीनने विचारलं, "सर, तायडे सरका नाम लेने वाले थे ना आप?" मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानंतर ती मला कोर्टावर कधी नमस्कार करत नसे. थेट सरांकडे जाई. त्या मानपत्राची प्रत पुढे माझ्या बढतीच्या फाइलला लागली. तायडे सरांनीच ती झेरॉक्स करून आणली होती.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मी भाषण केलं. 'प्रयोगशाळेतली काचेची एकही वस्तू त्यांच्या हातून फुटली नाही' असं म्हणालो. हे खरं होतं. ते चिखलीतली खोली सोडून सुलतानपूरला कुटुंबाकडे गेले. नोकरीभर ते शनिवारी एसटीने घरी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचे. ते गेल्यावर दोन वर्षांत आमचा संघ पहिल्याच फेरीत हरू लागला. लोक म्हणाले, "आता सरांवर उपप्राचार्यपदाचा भार आहे, टेनिसकडे लक्ष कुठून देणार!" बघा, उघडं पडायची वेळ आली तिथेही माझी अब्रू झाकली गेली. त्यांना परत बोलवायचं एवढं एकच काम होतं. एक फोन. पण बोलावलं असतं तर संघ पुन्हा जिंकला असता, आणि मग सगळ्यांना कळलं असतं. एकदा त्यांचाच फोन आला. "सर, कोर्टाले पानी मारता न? मुरूम सुकला का उकलते तो." मी "हो हो, रोज," म्हणालो. तेव्हा कोर्टावर गुडघाभर गवत होतं.

मातीला मी गेलो तेव्हा सुलतानपूरच्या रस्त्यावर गाड्या उभ्या होत्या. पुण्याहून, नाशिकहून, अकोल्याहून आलेली माणसं, चाळिशी-पन्नाशीची, हुंदके देऊन रडत होती. नसरीन आपल्या दोन मुलांना घेऊन आली होती. एवढी माणसं का रडताहेत हे घरच्यांना उमजत नव्हतं, हे मला त्या गर्दीतही जाणवलं, पण त्याचा अर्थ कळला तो तेरवीनंतर मी पुन्हा भेटायला गेलो तेव्हा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरकलो. "काकू, हे काय..."

"पडू द्या जी. तुमच्यामुळं त्यायले खेळाच्या मैदानात राह्यता आलं. सांगत जात नेहमी, आमचे सर लय मोठे कोच हायेत, मी त्यायच्या हाताखाली चेंडू उचलतो. पेपरातला तुमचा फोटूबी आनला होता दाखवाले."

माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या घरात सांभाळलं होतं. बायकोलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं, कारण घरातून गावात, गावातून चिखलीत जाईल आणि संज्याची नाचक्की होईल. दुसरं कारण मला सुचत नाही.

मग काकूंनी मला अंगणात नेलं. निंबाच्या बाजूला एका जागी माती घट्ट बसून दोन पावलांएवढे खोलगट भाग झाले होते. "हे पाहा. सुटीवर आले का अन् रिटायर झाल्यावर तं रोज, दिवस निंगाच्या टायमाले इथं उभे राहत. डावा हात असा वर, उजवा पाठीमांगं, अन् नजर आभायात. शंभरखेप. मी म्हनो, कोन्या देवाचं करता? तं नुसते हसत. नवस असंन, नाही का? आता मानूस गेला, नवस तसाच राह्यला. तो कोन्या देवाचा हाय हे समजलं तं मी फेडीन. तुमी त्यायचे सर, तुमाले सांगलं असंन."

ती सर्व्हिसची ढब होती. डाव्या हाताने चेंडू वर सोडायचा, उजवा हात मागे न्यायचा, नजर चेंडूवर. हात विसरू नये म्हणून कोर्टापासून इतक्या दूर, चेंडूशिवाय, रॅकेटशिवाय, तो माणूस रोज शंभर वेळा ती करत होता. कोणी बोलावलंच तर तयार असावं म्हणून. मला हे त्या क्षणी दिसलं, आणि मी तोंड उघडलं ते हे सांगायला, "सूर्याचा असावा काकू." त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "हाव, मलेबी तसंच वाटे. मंग मी आयतवार धरते आता." विलासने मला एसटी स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत तो म्हणाला, "बरं झालं सर, आईच्या जिवाले लागून होतं." मी म्हटलं, हो. मी मनात म्हणत होतो की म्हाताऱ्या बाईचं मन राखलं, पण मला माझी चांगली ओळख आहे. मी त्या माइकसमोर गप्प बसलो होतो तसाच गप्प बसलो होतो, फक्त या वेळी वर एक देव उभा केला.

विलासकडे परवा चौकशी केली. काकूंनी खरंच रविवार धरले आहेत, दिवस उगवताना त्या खोलगट जागी पाणी घालतात, फूल ठेवतात आणि दिवसभर काही खात नाहीत. सत्तरीच्या पुढचं वय, शुगरही आहे. हा लेख रविवारच्या पुरवणीत येईल, आणि विलास, तू तो आईला मोठ्याने वाचून दाखव, एवढीच विनंती. गावात कळेल, चिखलीत कळेल, कळू दे. काकू, आजचा उपवास सोडा. तो कोणत्याच देवाचा नवस नव्हता. तायडे सर आमच्या कॉलेजचे टेनिस कोच होते, आणि मी त्यांचा विद्यार्थी.