दुसऱ्यांदा भाजलेली वांगी

"बठ्ठा थांबा! कोणी हलू नका! चोर आठेच शे!"

फोन माझ्या हवालदाराच्या कानाला होता आणि मी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभा होतो, तरी तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. लिंबावरचे कावळे उडाले. फोन केला होता वनोद्यानाच्या गेटवरच्या वनरक्षकाने. चोर इथेच आहे, असं अहिराणीत ओरडणारा त्याच्या पाठीमागे होता. "साहेब, लवकर या," वनरक्षक विनवत होता, "बाईला घेरलंय लोकांनी." सातपुड्याच्या पायथ्याला नोकरी करताना मी दरोडेखोर पकडले, एकदा तर बिबट्यालाही दरडावून परत पाठवलं, पण ती घटना आजही विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही.

डायरीत नोंद टाकली, महिला शिपायाला निरोप धाडला आणि जीप काढली.

गेटसमोर अर्धा खानदेश जमला होता. मधोमध फिर्यादी, मघाशी ओरडणारे. धरणगावकडचे कापूसवाले मोठे शेतकरी. त्यांना आपण नाना म्हणू. बायको, मुलगा, सून, नातवंडं असं सगळं घर घेऊन सकाळी डोंगर चढायला आले होते. डोंगर उतरल्यावर गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत चुली मांडून भरीत पार्टी. माणसं सात, आणि वांगी आणलेली लग्नाला पुरतील एवढी. जेवण झालं, हात धुतले, आणि नानांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, लक्षात आलं की हातात पाटल्या नाहीत.

घेरलेली बाई म्हणजे त्यांना सकाळी वाट दाखवायला नेलेली पाड्यावरची बाई. पस्तिशीची, काटक. कमरेला पदर खोचलेला, पुढ्यात बोरांची टोपली. गेटवरच्या पर्यटकांना डोंगरावर नेणं हे तिचं आणि पाड्यातल्या आणखी चार-दोन जणींचं काम. चोर म्हणून नाव पडलं असतं तर त्यांच्यापैकी एकीलाही पुन्हा कोणी वाट विचारली नसती.

"साहेब, हिला गाडीत घाला!" नाना गरजले.

"मी गाडीत बसणार नाही," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही की डोळे खाली घातले नाहीत. "टोपली बघायची ना? बघा. मग यांच्या पिशव्या पण बघा."

"आमच्या पिशव्या? अहो, आम्ही फिर्यादी!"

"मग काय झालं? पिशव्यांना काय माहीत?"

गर्दीत कोणीतरी हसलं. नानांचा चेहरा त्यांच्याच भाजलेल्या वांग्यासारखा झाला.

महिला शिपाई आली, दोन पंच उभे केले, झडती झाली. टोपलीत बोरं, एक विळा आणि मिठाची पुडी. अंगावर काही नाही. नानांच्या पिशव्यांतही काही नाही. नाना म्हणाले, "जोडीदाराला दिल्या असतील! जंगलात पुरल्या असतील!" तेवढ्यात त्यांच्या मुलाने कुठेतरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे एक वजनदार माणूस होता. इतका वजनदार की फोन मला दोन हातांनी धरावा लागला.

"बाईला आत घ्या. दोन तासांत कबूल करेल," हुकूम आला.

"घेतो की साहेब," मी अगदी मऊ आवाजात म्हटलं. "फक्त डायरीत लिहावं लागतं कोणाच्या सांगण्यावरून. आपलं पूर्ण नाव सांगता?"

फोन कट झाला. रेंज गेली असावी. आमच्या भागात रेंज नेमकी अशाच वेळी जाते.

आता चौकशी. लोकांना वाटतं चौकशी म्हणजे दंडुका आणि दिव्याचा झोत. मी अक्कांना घोटभर पाणी दिलं आणि तेच दोन प्रश्न तीनदा विचारले.

"अक्का, पाटल्या कधी काढल्या?"

"भरीत ठेचायच्या आधी. गरम गर हातावर येतो ना."

"ठेवल्या कुठे?"

"त्या दगडावर. नेहमीसारख्या." आणि बोट त्या बाईजवळच्या दगडाकडे.

तिन्ही वेळा उत्तर तेच. पण मी मनात अडखळलो. नेहमीसारख्या? यांच्या धरणगावच्या स्वयंपाकघरात हा दगड कुठून आला?

"घरी भरीत ठेचताना कुठे ठेवता?"

अक्का बोलायला गेल्या आणि थांबल्या. "घरी... ठेवते की कुठेतरी."

माझ्या मिशा आपोआप वर झाल्या. हवालदाराला म्हटलं, "वांगी उरली आहेत का?"

"साहेब, पोतंभर!"

"चुली पेटवा. भरीत पुन्हा होईल."

लोक समजले, साहेबाला भूक लागली. नानांनी निषेध नोंदवला. मी सांगितलं, याला घटनेची पुनर्रचना म्हणतात, आणि सरकारी कामात अडथळा आणला तर वेगळा गुन्हा दाखल होतो. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या. वांगी भाजली, साल काढली, गर ठेचायच्या लाकडी बडगीत पडला. ज्या ज्या जागी जो जो होता त्याला तिथेच बसवलं. अक्कांच्या हातात सुनेच्या बांगड्या घातल्या.

"अक्का, माझ्याकडे बघू नका. घरी करता तसं करा. लसूण किती घालता?"

"भरपूर घालावा लागतो, यांना लसणाशिवाय..." अक्का सुरू झाल्या. एकदा भरताचा विषय निघाला की खानदेशी बाई पोलीस विसरते, चोर विसरते. बोलता बोलता त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि मागे न बघता हात मागे केला.

मागे नाना बसले होते. मुलाला दम देत होते, "वकिलाला फोन लाव..." त्यांनीही न बघता बांगड्या घेतल्या आणि हात छातीशी नेला, आतल्या खिशात घालायला. खिसा नव्हता. हात नुसत्या सदऱ्यावर आपटला.

मुसळी बडगीत तशीच उभी.

"नाना," मी विचारलं, "सकाळी जाकीट होतं ना अंगात?"

नानांनी सदरा चाचपला. सून हळूच म्हणाली, "जेवल्यावर मामंजींना उकडत होतं. मी ते भरताच्या पातेल्याला गुंडाळलं, गाडीत सांडू नये म्हणून."

गाडीच्या मागून पातेलं आलं. जाकिटाच्या आतल्या खिशात दोन्ही पाटल्या. कोमट होत्या अजून. लसणाचा वास येत होता. संसाराची इतकी वर्षं तो हात मागे जात होता आणि हा हात तो घेत होता; दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

पंचनामा केला, नानांचा जबाब घेतला. खोटं कोणी बोललं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की जबाब तोंडाचा घ्यावा, पण हातांनाही विचारावं. आणि दुसरं असं की सापडलेला मुद्देमाल मालकाला परत करण्याची आमच्याकडे रीतसर पद्धत आहे. हिरावलेलं नाव परत करण्याची कुठलीच नाही. ते ज्याचं त्यालाच मागून घ्यावं लागतं.

त्या बाईने मागितलं. नाना तिच्याजवळ गेले, खाली मान घालून पुटपुटले, "ताई, चूक झाली. समजून घ्या."

"कानात नका सांगू," ती म्हणाली. "चोर म्हणताना ओरडले होते."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. अक्का तेवढ्यात बडगीवरून म्हणाल्या, "सांगा की. आवाज काय फक्त वाईट बोलायलाच दिलाय देवानं?"

नाना गेटकडे वळले. घसा खाकरला. "या ताईंनी काही घेतलं नाही! पाटल्या माझ्याच खिशात होत्या!"

मग कपाळाचा घाम पुसत तिच्याकडे वळून म्हणाले, "झालं ना आता?"

बाईने टोपली डोक्यावर घेतली.

"मागे ऐकू गेलं नाही."