श्रीखंड महादेवाला जाब विचारायला निघालो तेव्हा

मी देवाला भेटायला निघालो नव्हतो, भांडायला निघालो होतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की हा कुणी मोठा भक्त असावा. सणसरजवळ आमचा ऊस आणि थोडा भाजीपाला आहे. सागर आमचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी ऐन गाळपाच्या दिवसांत, दिवेलागणीला मोटरसायकलवरून घरी येत होता. टायर फुटून रस्त्याकडेला थांबलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. तिला मागे ना दिवा होता, ना चकाकती पट्टी. त्याच्या मोबाईलमध्ये हिमाचलातल्या श्रीखंड महादेवाचे व्हिडिओ भरलेले होते. "आबा, एकदा आपण दोघं वर जाऊ," असं तो म्हणायचा आणि मी म्हणायचो, "आधी ऊस जाऊ दे." ऊस दरवर्षी गेला, आम्ही काही गेलो नाही. म्हणून मी ठरवलं की आता एकट्यानं जायचं, वर महादेव म्हणून पुजतात त्या शिळेपुढे बसायचं आणि विचारायचं, "माझा पोरगा कशाला नेलास?" जाब विचारून झाल्यावर खाली उतरायचं की नाही, याचा मी विचारच केला नव्हता. खरं सांगायचं तर उतरायची इच्छा नव्हती. बायकोला हे बोललो नाही, पण तिला कळलं असावं. ती माझ्या तयारीकडे नुसती बघत राहायची.

सतरा हजार फुटांच्या वरचं ते ठाणं, त्यामुळे वाटाड्याशिवाय जाणं शक्य नव्हतं. फोनवर तिकडच्या एका वाटाड्याशी बोलणं झालं. त्याचं हिंदी पहाडी आणि माझं सणसरी, तरी जमलं. डॉक्टरचा दाखला आणा, रोज दोन तास चढ चढा, पाठीवर वजन घ्यायची सवय करा, असं त्यानं सांगितलं. आता आमच्याकडे चढ कुठून आणायचा? सगळा मुलूख ताटासारखा सपाट. मग मी कालव्याचा भराव चढायचा-उतरायचा ठरवला आणि पाठीवर घेतला फवारणीचा पंप. त्यात साधं पाणी भरायचं आणि उजाडायच्या आत निघायचं. लोक थट्टा करत, "श्रीखंडाला चाललाय, येताना पुऱ्या पण आणा!" फेऱ्या झाल्या की पंपातलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून शेजारच्या तात्यांच्या टोमॅटोच्या नव्या लावणीवर बांधाकडेनं शिंपडून यायचो. तात्या सत्तरीचे, एकटे. दोन ओळी तरी भिजतात म्हणून खूश असत. दिवसभरात माझ्या हातून तेवढंच काय ते बरं होई.

आमच्याकडे प्रत्येक घरात दोन पंप असतात, एक औषधाचा आणि एक तणनाशकाचा. उसातलं तण मारायचं औषध टोमॅटोला विषासारखं असतं. म्हणून त्या पंपाला आम्ही लाल चिंधी बांधतो आणि पोरासोरांनाही त्याला हात लावू देत नाही. सागरच्या वाढदिवसाच्या सकाळी मी डोळे पुसत शेडमध्ये गेलो आणि हाताला लागेल तो पंप घेऊन पाणी भरून निघालो. नेहमीसारखं तात्यांच्या ओळी भिजवून आलो आणि पंप खुंटीला अडकवताना लाल चिंधी दिसली. त्याच पंपानं आठवड्यापूर्वी मी उसात फवारलं होतं आणि नीट धुतलाही नव्हता. पाच-सहा दिवसांत तात्यांच्या लावणीची पानं दोरीसारखी पिळवटली, शेंडे माना टाकू लागले. तात्या बांधावर बसून म्हणाले, "कसला रोग आलाय, काय कळंना बघ." आणि मी, देवाकडे जाब मागायला निघालेला माणूस, तोंडातून अक्षर काढलं नाही.

पुढचे चार दिवस वाईट गेले. अन्न गिळवेना. मुलगा गेला तेव्हा निदान राग तरी होता, आता स्वतःची किळस येत होती. भरावावर जायचं बंद केलं. डॉक्टरचा दाखला हातात होता, तो फाडून टाकावासा वाटला. हातून एक बरं काम होत होतं, तेही असं फिरलं, तर मी जगून तरी काय करणार होतो? पाचव्या दिवशी मी तात्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

तात्या म्हणाले, "जाणून केलंस का?"

"न्हाय वो, तात्या."

"मग बस हितं. आरं, आमच्या येळंला यात्रंला निघालेला माणूस घरोघर जायचा. चुकलंमाकलं माफ करा म्हणायचा. परत येतोय का न्हाय, कुणाला ठावं? तू बी तसाच आलास म्हणायचं. लावण काय, परत करू." आणि जाताना म्हणाले, "कुणाचं दार ऱ्हायलं आसंल तर बघ."

राहिलं होतं. ट्रॉलीवाला सागरच्या तेराव्यानंतर तीनदा आमच्या दारात येऊन गेला होता. तिन्ही वेळा मी त्याला आईबहिणीवरून शिव्या देऊन हाकलला. तिसऱ्या वेळी तो रस्त्यापलीकडे बाभळीखाली दुपारभर बसून होता आणि मी खिडकी लावून घेतली होती. तात्यांच्या दारात मी जसा उभा होतो, तसाच तो उभा होता, हे मला त्या दिवशी समजलं. समजलं म्हणून राग गेला असं नाही. तरी सायकल काढली.

तो अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. मला पाहून उठला आणि मागे सरकला. मी मारायला आलोय, असंच त्याला वाटलं असणार. वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं ते तात्यांनी सांगितलेलं. "यात्रेला चाललोय. माझं चुकलंमाकलं माफ कर." खरं तर हे त्यानं म्हणायचं होतं. तो मटकन खाली बसला आणि डोक्यावर हात घेऊन रडला. मीही रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर रडलो, आणि तेही त्याच्यासमोर. त्याच्या बायकोनं तांब्या आणून दिला. वैऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत आमच्याकडे. मी ते पाणी प्यालो.

त्या सकाळी माझा हात त्या पंपाकडे कुणी नेला, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. पोरगा कशाला नेला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि वर गेल्यावर मिळेल असंही वाटत नाही. एवढंच कळलं की जाब मागायला निघालेल्या माणसाला आधी रित्या हातानं कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं, आणि ते दार उघडणं न उघडणं आपल्या हातात नसतं. माझ्यासाठी ते उघडलं. त्यासाठी मी महादेवाचे पाय धरतो, रागावलेलाच असलो तरी.

निघताना तो सायकलपाशी आला. यात्रेहून परतलेला माणूस गावाला जेवण घालतो, त्याला आम्ही मावंदं म्हणतो. या जेवणाचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

"आबा, तुमच्या मावंद्याला मला सांगावा धाडा," तो म्हणाला. "मी जेवत न्हाय. नुसतं पाणी वाढीन."

मी म्हणालो, "जेवायलाच ये."