रिकाम्या विड्या

एकाहत्तर साली मी संगमनेरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो, तेव्हा माझ्याकडे मराठीची एम. ए. पदवी, एक सायकल आणि लोकांनी काय वाचावं याबद्दलची ठाम मतं होती. त्यातली सायकल तेवढी उपयोगी पडली.

वाचनालयाची कार्यकारिणी भारदस्त होती. दरवर्षी ती बाहेरगावच्या विद्वानाला बोलावून अभिजात साहित्यावर व्याख्यान ठेवी. हारतुरे, प्रास्ताविक, परिचय आणि आभार यांतून वेळ उरला तर व्याख्यानही होई. याच कार्यकारिणीने उथळ प्रेमकादंबऱ्यांची खरेदी कमी करण्याचा ठराव एकमताने केला होता. अध्यक्षांच्या पत्नी मात्र दर मंगळवारी न चुकता येत आणि हळू आवाजात विचारत, “त्यांचं नवीन काही आलंय का हो?”

ते म्हणजे आमचे सर्वांत जास्त वाचले जाणारे लेखक. नाव पुरुषाचं, नावापुढे बी. ए., प्रकाशक पुण्याचा. त्यांच्या पाच कादंबऱ्या आमच्याकडे होत्या आणि पाचांचेही पुठ्ठे निखळले होते. मी त्यांतली एकही वाचली नव्हती, त्यामुळे माझं मत अगदी शुद्ध राहिलं होतं.

शनिवारी दुपारी एक बाई यायच्या. चाळिशी ओलांडलेल्या, साधं सुती नऊवारी लुगडं, बोटांना तंबाखूचा वास. त्या याच लेखकाच्या कादंबऱ्या मागून घेत, पण वाचत नसत. पुस्तक मिटलेलंच उजेडाकडे धरून त्याची कड बघत, मग मधलंच एखादं पान उघडून निरखत, वहीत काहीतरी टिपत आणि पुस्तक परत करत. दोन-तीन शनिवार मी हे सहन केलं.

“बाई, फाटलेली पानं आम्ही मोजून ठेवलेली आहेत,” मी म्हणालो.

“फाटलेली न्हाई बघत भाऊसाहेब, मळलेली बघते.” त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. “हे बघा, हळदीचं बोट. हात न धुताच पान उलटलं वाचणारीनं. हिथं पीठ. हिथं काजळ पुसलंय. आन ह्याच्या पुढची पस्तीस पानं कशी, कोरी करकरीत. म्हंजे हिथून पुढं ती हात धुऊन, निवांत, कंटाळत वाचायला लागली. चूक माझीच हाय. आत्याबाईचं पत्र लई लांबवलं मी.”

“तुम्ही लांबवलं?”

“मंग कुणी? त्या बी. ए. वाल्यानं? त्यो न्हाईच हाय. परकाशकांनी लावलंय ते नाव. बाईच्या नावावर पुस्तक खपत न्हाई म्हणले.”

मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो.

त्या विड्या वळायच्या. जुन्या फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेल्या, लवकर विधवा झालेल्या. आळीतल्या बायका कारखान्यातून पानं आणि तंबाखू घेऊन यायच्या आणि सोबतीसाठी यांच्या ओसरीवर बसून विड्या वळायच्या. वाचता येणारी ही एकटीच, म्हणून बायकांनी ठरवलं की हिने वाचायचं आणि आपण वळायचं. संध्याकाळी उठताना प्रत्येकीने आपल्यातली एक जुडी, म्हणजे पंचवीस विड्या, वाचणारीच्या सुपात टाकायची. म्हणजे हिचंही काम भरून निघायचं. अशी बरीच वर्षं गेल्यावर एकदा वाचनालयातून आणलेल्या कादंबरीला शेवटची पानंच नव्हती. बायका ऐकेनात. तेव्हा यांनी कोऱ्या भिंतीकडे बघत शेवट मनाने वाचून दाखवला. पुढे कधीतरी पुरं पुस्तक हाताला लागलं आणि खरा शेवट वाचला, तर बायका म्हणाल्या, ह्याच्यापेक्षा तुझाच बरा होता की. तेव्हापासून त्या स्वतःच लिहू लागल्या.

“म्हंजे तुमच्या वाचनालयाचे उपकारच हायेत,” त्या म्हणाल्या. आमच्या वाचनालयाबद्दल इतकं खरं वाक्य कार्यकारिणीच्या एकाही अहवालात मी वाचलं नव्हतं.

बुधवारी वाचनालय बंद असे. त्यांच्या बोलावण्यावरून एका बुधवारी दुपारी मी त्या ओसरीवर गेलो. दहा-बारा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेलं पान घ्यायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक गुंडाळी, दोऱ्याचे दोन वेढे, टोक नखाने आत. हे सगळं मला लिहायला जितका वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या तीन-चार विड्या होत.

“हे कोन?” एकीनं विचारलं.

“वाचनालयाचं सायेब.”

“लगीन झालंय का?”

“न्हाई अजून.”

“मंग ह्यास्नी काय कळायचं? बसू द्या बिचाऱ्यास्नी कोपऱ्यात.”

बाई वाचायला लागल्या. मला वाटलं होतं आवाजात चढउतार असतील, थोडं नाटक असेल. त्या रेशनच्या दुकानावरची यादी वाचावी तशा सपाट वाचत होत्या. वहीकडे त्यांचं लक्षच नव्हतं, मजकूर पाठ होता. त्या बघत होत्या बायकांच्या हातांकडे. तोंडाकडेसुद्धा नाही, फक्त हात. कुठे कात्री थबकली, कुठे दोरा बोटावर तसाच राहिला, की वहीत लाल पेन्सिलची बारीक खूण. हात थबकले म्हणजे मजकूर जमला. सकाळी सात ते दहा लिहायचं, शिसपेन्सिलने, एकरेघी वहीत. दुपारी हातांपुढे वाचायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथे हात अखंड चालले तेवढं सगळं खोडून टाकायचं.

नायिकेचं रूप त्या कधी वर्णन करत नसत. मी कारण विचारलं. “नाक चाफेकळी लिवलं की बसक्या नाकाच्या समद्या उठून गेल्या,” त्या म्हणाल्या.

पुण्यात मी नामांकित समीक्षकांची व्याख्यानं ऐकली होती, वहीत उतरवून घेतली होती. लिहिलेल्या शब्दाचं वजन करायचं इतकं अचूक साधन त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हतं. मी त्यानंतर एकही बुधवार चुकवला नाही.

तेव्हा त्या सहावी कादंबरी लिहीत होत्या. खेड्यातल्या दवाखान्यातली नर्स. तिचा ठरलेला नवरा तिला सोडून शहरात गेला आहे आणि तीन वर्षांनी परत येऊन दारात उभा राहतो. प्रकाशकाचं पत्र आलं होतं की शेवटी लग्न हवंच, मंगलाष्टकांशिवाय हस्तलिखित पाठवू नये. आधीच्या पाचही कादंबऱ्यांत त्यांनी लग्नं लावून दिली होती. या वेळी त्यांना नर्सला नाही म्हणू द्यायचं होतं.

“छापणार न्हाईत ते,” त्या म्हणाल्या. “पर बायकांचे हात थांबले तर मी भांडीन. न्हाई थांबले तर गपगुमान लगीन लावून देते.”

तो दारात येतो ते प्रकरण त्यांनी वाचलं तेव्हा मी होतो. नर्स स्टोव्हवर सुया उकळत असते. ती त्याला बघते, पण पाण्याला उकळी येईपर्यंत उठत नाही. एवढंच. मी हातांकडे बघत होतो आणि बाईही बघत होत्या. हात एकदाही थांबले नाहीत. उलट यंत्रासारखे चालले. लाल पेन्सिल वहीवर टेकलीसुद्धा नाही. बाईंनी वही मिटली. “पडलं,” त्या मला हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मुकादमाने माल तपासला. पान, दोरा, आत वळवलेलं टोक, सगळं जागच्या जागी. आत तंबाखू नाही. सगळ्याच बायकांच्या सुपातून अशा रिकाम्या विड्या निघाल्या. कोणाच्या दोन जुड्या, कोणाच्या चार. वर्षानुवर्षं वळणाऱ्या बायका, आणि त्यांतल्या एकीलाही वळताना कळलं नव्हतं.

हे मला बाईंनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज प्रथमच सपाट नव्हता. “हात थांबलेच न्हाईत भाऊसाहेब. हातातलं ध्यानच गेलं.”

पण मुकादम साहित्याच्या बाजूने विचार करणारा नव्हता. तो ओसरीवर येऊन बजावून गेला, वाचन बंद, नाहीतर पानं बंद. बहात्तरचं दुष्काळाचं साल होतं, शेतं उघडी पडली होती, आणि त्या ओसरीवरच्या विड्यांवर घरं चालली होती. बाईंनी तिथल्या तिथे वही पेटीत ठेवली आणि स्वतः सूप मांडीवर घेतलं. बायका हळहळल्या, पण जुडी टाकायची सोय आता उरली नव्हती. बाईंच्या सकाळीही विड्यांतच जायला लागल्या.

नर्सच्या उत्तराचं प्रकरण मात्र लिहून झालं होतं, आणि ते कोणाच्याही हातांपुढे वाचलं गेलं नव्हतं. शनिवारी त्या ते घेऊन वाचनालयात आल्या.

“तुमी ऐका.”

“माझं मत...”

“मत नको. काम चालू ठेवा तुमचं.”

माझ्यापुढे नवीन पुस्तकांची चळत होती. तारखेची चिठ्ठी घ्यायची, खळ लावायची, शेवटच्या पानावर चिकटवायची. त्यांनी वाचायला सुरुवात केली. तो बोलतो, पुष्कळ बोलतो, माफी मागतो. नर्स सगळं ऐकते. मग म्हणते, “बसा, चहा घ्या. चारची गाडी मिळेल तुम्हाला. मला पाच वाजता एका बाळंतिणीकडे जायचंय.” ती कप त्याच्यासमोर ठेवते आणि पिशवी भरायला लागते.

बाई थांबल्या. मग उठून माझ्या टेबलापाशी आल्या. चळतीतली पुस्तकं जशीच्या तशी होती. माझ्या हाताखालच्या एकाच पुस्तकात मी सहा चिठ्ठ्या, एकीवर एक, व्यवस्थित कड जुळवून चिकटवल्या होत्या. ते पुस्तक अध्यक्षांनी भेट दिलेला त्यांच्याच भाषणांचा संग्रह होता.

त्यांनी नखाने चिठ्ठ्या मोजल्या. हसल्या नाहीत. “आता लिवते परकाशकांना,” म्हणाल्या आणि माझ्याकडून एक मोठा लखोटा मागून घेतला.

चार पत्रं गेली, चार आली. शेवटी पुस्तक छापून आलं. बी. ए. वाल्या गृहस्थाच्या नावावर, पण शेवट तोच. पहिली प्रत मंगळवारी अध्यक्षांच्या पत्नीकडे गेली. ती परत आल्यावर मी दार ओढून घेतलं आणि पुस्तक मिटलेलंच उजेडाकडे धरलं. मग शेवटची पानं उघडली. नर्सच्या उत्तराच्या बरोबर समोर, समासात, चहाच्या कपाचं पुरं गोल वर्तुळ उमटलं होतं. चांगलं गडद. कप तिथे बराच वेळ राहिला असावा.

ती प्रत मी कोणाला दिली नाही, शनिवारपर्यंत टेबलाच्या खणात ठेवली. बाईंनी ती बघितली, वर्तुळावरून बोट फिरवलं.

“गार झाला असंल बाईंचा चहा,” त्या म्हणाल्या, आणि वहीत टिपून घेतलं.