शेवटची ओळ आपल्या हाताची

आमच्या शेजारच्या आबांइतकं पत्रातलं कळणारा माणूस धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही, आणि पत्रावरून इतका छळणाराही. नरडाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, रविवारी चर्चमध्ये उपदेश करू लागले आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना प्रेषितांनी लिहिलेली पत्रं वाचून वाचून स्वतःच प्रेषितासारखे लिहू लागले. आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग घेणाऱ्याचं, मग कृपा व शांती, मग आभार. मुद्दा त्यानंतर कधीतरी. त्यांची बायको, आमची अक्का, स्वयंपाकघरात असली तरी यांची चिठ्ठी जायची: "आबाकडून, प्रिय अक्काला, कृपा व शांती असो. कालच्या भरताबद्दल देवाचे आभार मानतो. आज मीठ बेताने. शेजारच्या लहानथोर बठ्ठ्यांना सलाम."

"मी आठेच शे ना! बोली टाक!" अक्का दोन पावलांवरून ओरडायची.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. जळगावच्या कॉलेजातून आबांना ऐटीत पत्र लिहिलं, नाव शेवटी. ते परत आलं. वर शेरा: "कोणाचं आहे हे कळायला सगळं वाचायचं का?" सुट्टीत गेलो तेव्हा त्यांनी समजावलं, की रोमच्या राज्यात पत्राची गुंडाळी असायची, म्हणून नाव वरच. हा साचा तिथला व्यापारीही वापरायचा, शिपाईही. प्रेषितांनी तोच घेतला, फक्त साध्या नमस्काराच्या जागी कृपा न् शांती घातली. "सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. पण शेवटची ओळ सांगणाऱ्यानं आपल्या हातानं लिहायची. नही ते खरं कोण मानी?" मग मला लिहायला बसवायचे आणि शेवटी माझ्या हातातलं पेन काढून घ्यायचे.

यंदा आबांना पक्षाघात झाला. धुळ्याच्या दवाखान्यात भेटून आलो, तेव्हा उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता. तो परत चालेल का, डॉक्टरही सांगेनात. पुढे अक्का फोनवर "बरं शे" म्हणायची आणि रडायची.

महिन्याभराने पाकीट आलं. अक्षर नर्सबाईंचं, सुबक. "आबाकडून, प्रिय पदवीधराला..." कृपा, शांती, दवाखान्यातल्या पातळ खिचडीबद्दलही आभार. मला पुढे वाचवेना. वरून खाली वाचायचा नियम मोडला, कागद उलटला.

तळाशी उताराला लागल्यासारखी वाकडी अक्षरं: "ही ओळ माझी."

 मग पत्र पहिल्यापासून वाचलं, एकेक सलाम सावकाश. उत्तराला कागद घेतला, आधी माझं नाव लिहिलं. शेवटी लिहिलं: "आबा, काही चुकलं असेल तर शेरा मारून परत पाठवा. शेरा मात्र नर्सबाईंच्या हातचा नको."