अप्पांची तट्टं

बोलता बोलता अप्पा उजवा हात पालथा करून हवेत धरायचे आणि म्हणायचे, "एवढं. एवढंच पाहिजे." घोडं केवढं असावं हे सांगायची त्यांची ती पद्धत होती. मी जनावरांची डॉक्टर म्हणून उदगीरला बदलून आले तेव्हा तो हात त्यांच्या छातीशी असायचा. पुढे तो कमरेशी आला. शेवटी गुडघ्याशी आला, आणि तिथं नेण्यासाठी अप्पांना वाकावं लागायचं. ते वाकले की माझं डोकं फिरायचं.

अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, माणसांशी मराठी आणि घोड्यांशी कानडी. देगलूरच्या रस्त्याला त्यांचं शेत होतं, तिथं लिंबाखाली तट्टं बांधलेली असत. रस्ते नव्हते त्या काळात त्यांच्या वडिलांनी या तट्टांवर लादून खेड्यापाड्यांतली तूर मोंढ्यात आणली होती. टेम्पो आले, वडील गेले, तरी अप्पांनी तट्टं विकली नाहीत. "नस्ल मोडून कसं चालंल, बाई?" असं ते मला विचारायचे, जणू मीच मोडायला आले होते.

पहिल्यांदा शेतावर गेले त्या दिवशी त्यांनी एका तट्टावर भरलेलं पोतं टाकलं आणि त्याला खदानीतल्या दगडांवरून चालवून दाखवलं. तुम्ही कधी तट्टू दगडांवरून चालताना पाहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, पाय टेकवायच्या आधी ते क्षणभर थांबतं, जागा बघतं, मग भार टाकतं. अप्पांनी त्याचा खूर उचलून बोटाने वाजवला आणि मला कान द्यायला लावला. "लोखंड हाय," ते म्हणाले. कोणतं शिंगरू ठेवायचं आणि कोणतं विकायचं हे ते पाठ आणि खूर बघून ठरवत. त्या काळात मला अप्पा फार आवडायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

बिनसलं ते माळेगावच्या जत्रेत. घोडेबाजारात अप्पांनी आपली निवडक तट्टं नेली होती, पण कुणी थांबेना. गावोगाव रस्ते झाल्यावर ओझ्याचं तट्टू घेणार कोण? त्यांच्यासोबत एक खुरटलेलं शिंगरूही गेलं होतं, आईला सोडून राहत नाही म्हणून. गर्दी झाली ती त्याच्याभोवती. लेकरं, फोटो काढणाऱ्या बाया, हैदराबादकडचे फार्महाऊसवाले. त्यातल्या एकाने विचारलं, याहून लहान मिळेल का? अप्पा तो प्रश्न घेऊन घरी आले आणि त्यांच्या घोड्यांचं वाटोळं झालं.

पुढच्या साली त्यांनी कुठूनसा एक पांढरा नर आणला. गाईच्या वासरापेक्षा बुटका. मी त्याचं तोंड उघडलं तर खालचा जबडा पुढे आलेला, दातावर दात बसत नव्हता, गवत धड तुटत नव्हतं. याची पैदास करू नका, मी सांगितलं, हा दोष होणाऱ्या पिल्लांत उतरतो. अप्पांनी उत्तरादाखल त्याची मान वर केली आणि गळ्यावरचा केसांचा भोवरा दाखवला. घोडेबाजारात त्या भोवऱ्याला देवमण म्हणतात. देवमण असलेलं घोडं घराला लाभतं अशी समजूत आहे, आणि ते दिसलं की माणसं बाकी काही बघत नाहीत. चांगला चार पावसाळे पाहिलेला व्यापारीसुद्धा आधी भोवरे चाचपतो आणि तोंड उघडतो ते फक्त वय कळायला.

"ऐब हाय, म्या कुठं न्हाई म्हणलो," अप्पा म्हणाले. "पण देवमण बी हाय."

त्यांनी तो नर सगळ्या घोड्यांना दाखवला, म्हणजे गाभण राहायला त्यांच्यावर सोडला. मग त्याच्या लेकींनाही तोच दाखवला, कारण उंची तशी लवकर उतरते. प्रत्येक नवीन शिंगराजवळ उभं राहून ते म्हणायचे, "अजून जरा सण्ण." सण्ण म्हणजे कानडीत लहान. हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की आजही कुणाच्या तोंडून आला तर मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आई लहान, तिची कंबर अरुंद, आणि पोटातलं पिल्लू बुटकं असलं तरी त्याचं डोकं मोठंच. ते अडकायचंच. मी त्या शेतावर गेले की हात खांद्यापर्यंत रक्तात. काही शिंगरं वाकड्या पायांची जन्मली, काहींना आईचं दूध ओढता येईना. अप्पा त्यांना "कच्चं निघालं" म्हणायचे आणि बांधापलीकडे पुरायला लावायचे. घोड्याही गेल्या. जगलेल्या एखाद्या शिंगरासाठी मात्र गाड्या यायच्या, त्याला सोफ्यावर बसवून काढलेल्या चित्रफिती मोबाइलवर फिरायच्या आणि त्यांच्याखाली लोक लाल बदामाची चित्रं टाकायचे. बदाम टाकणाऱ्यांना बांधापलीकडे नेऊन उभं करावं असं मला फार वाटायचं. अप्पांना मी तोंडावर कसाई म्हटलं. ते हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही.

या सगळ्यांत त्यांची लाडकी होती राई. त्यांना जेवढी पाहिजे होती तेवढीच झालेली ही एकुलती एक घोडी. ती त्यांच्यामागून दुकानात यायची, पोत्यातली डाळ हुंगायची, हमाल तिला ओलांडून जायचे. आणि त्या माणसाने तिलाही गाभण करवलं. पिल्लू हैदराबादच्या एका फार्महाऊसवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

राई भर दुपारी अडली. मी पोचले तेव्हा पिल्लू आत मेलेलं होतं आणि त्याचं डोकं मागे वळलं होतं. राईला वाचवायचं तर ते आतल्या आत कापून, तुकडे करून काढण्यावाचून मार्ग नव्हता. अप्पांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, दुकानातून धावत आलेल्या थोरल्या मुलाने तिचे पाय धरले. "निल्लव्वा, निल्लव्वा," म्हणत राहिले, थांब माय, थांब. मी काढलेला एकेक तुकडा मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवला. मी नरम पडणार नव्हते. अप्पांनी एकदाही नजर वळवली नाही.

राई वाचली. अप्पा उठले, हात धुतले, आणि त्या पांढऱ्या नराकडे जाऊन त्यांनी स्वतः त्याचं तोंड उघडलं. बराच वेळ बघत राहिले.

"बाई, ह्याला खच्ची करा," ते म्हणाले. "अन् राईला आता नर दावायचा न्हाई. कवाच न्हाई."

मला आनंद झाला नाही. इतक्या घोड्या गेल्यावर सुचलं याचा उलट आणखी राग आला. तो राग तसाच ठेवून मी नर खच्ची केला.

त्यानंतर अप्पांनी धनगरांच्या एका कळपातून जुन्या चालीचं, दणकट तट्टू आणलं आणि उरलेल्यांतल्या फक्त मोठ्या घोड्यांना ते दाखवलं. राई लिंबाखाली नुसती खाऊन-पिऊन असायची. शिंगरं वर्षागणिक उंच होत गेली, गाड्या यायच्या बंद झाल्या. मी विचारलं, आता काय बघून निवड करता? ते म्हणाले, "घोडी एकटी व्याली पाहिजे. तुमाला बलवायची पाळी आली न्हाई पाहिजे." त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहा घेतला.

पुढच्या जत्रेला ते तो खच्ची केलेला पांढरा नर घेऊन गेले. विकायला नव्हे. दुकान सांभाळणारा त्यांचा थोरला मुलगा सोबत होता, मीही सरकारी कामावर तिथं होते. देवमण बघून माणसं जमली. अप्पांनी नराचे ओठ वर केले आणि ऐब झाकायच्या त्या बाजारात भर गर्दीत तो वाकडा जबडा दाखवला. "हे बघा. ह्याच्या भोवऱ्यापायी म्या माझ्या घोड्या मारल्या. लहान मागू नका, बाबांनो." आजूबाजूला बुटकी घोडी विकणारे बसले होते. ते खवळले, कुणीतरी अप्पांना ढकललं, पागोटं खाली पडलं. गर्दीतले दोघंतिघं हसत मोबाइल धरून उभे होते. मुलाने लाजेने लाल होऊन बापाला ओढत टेम्पोत बसवलं. मी पागोटं उचलून दिलं. टेम्पोत बसूनही अप्पांचं तोंडाने तेच चालू होतं.

ते गेले तेव्हा मी मुदखेडकडे बदलीवर होते. कळलं ते उशिरा. उदगीरला जायला जमलं तोवर वर्ष उलटून दुसरा उन्हाळा आला होता. दुकानात भिंतीवर अप्पांचा हार घातलेला फोटो, गादीवर थोरला मुलगा. पोरगा वाईट नाही. उठून उभा राहिला, पाणी दिलं. मी तट्टांचं विचारलं. सगळी देऊन टाकली, म्हणाला, घरात कुणाला वेळ न्हाई. राईचं विचारलं.

"राई हैदराबादला दिली, बाई. त्यांनी नर दावला. व्यायला लागली अन् गेली बिचारी. पण पिल्लू पोट फाडून जितं काढलं. बाटलीनं दूध पितंय. इतकं सण्ण हाय, बाई, इतकं सण्ण आपल्याकडं कवाच झालं न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते. "अप्पा असते तर लई खूश झाले असते."

मी ओरडले. अप्पांनी राईला नर दाखवायचा नाही म्हणून सांगितलं होतं, तू तिथं होतास, जत्रेत तू स्वतः होतास. हमाल काम थांबवून बघत राहिले. मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. आजारी माणसाबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणून म्हणाला,

"ते शेवटचं मनावर घेऊ नका, बाई. शेवटी शेवटी अप्पांचं डोकं चालत नव्हतं."

घरात तसंच ठरलं होतं. ज्या दोन-चार वर्षांत तो माणूस शुद्धीवर होता, तेवढीच त्यांनी वेडात जमा केली होती. मी बाहेर येऊन गाडीत बसले. पुढे पोत्यांचा टेम्पो आडवा लागला होता, वाट मिळेना. मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि तो टेम्पो निघून गेल्यावरही काढला नाही.