पुसलेली पोस्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तरी आधी चहाबद्दल बोलावंसं वाटतंय — म्हणजे बघा.

तर चहाच. इथे भंडाऱ्यात ऑफिसला निघण्याआधी चहाबरोबर मी मोबाइलवर फीड रीडर उघडते. आवडीचे ब्लॉग त्यात एकदा जोडून ठेवले की कुणीही नवं काही लिहिलं, ते आपोआप तिथे येऊन पडतं, दारात पेपर पडावा तसं. माझे तेरा ब्लॉग आहेत. बारा असेच, स्वयंपाकाचे, प्रवासाचे. तेरावा माझ्या वहिनीचा.

तो मीच तिला सुरू करून दिला होता, सिहोऱ्याला दादाच्या घरी. धानाच्या रोवणीबद्दल लिहायची ती, शेताजवळच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या मासोळ्यांबद्दल, कोहळ्याच्या वड्यांबद्दल. काय सुंदर लिहायची! मला हेवा वाटायचा — हेसुद्धा कधी बोलले नव्हते.

एका सकाळी तिची पोस्ट आली. चारच ओळी. दादानं मारलं. डाव्या कानावर. कानातून रक्त आलं. आणि हे पहिल्यांदा नव्हतं.

मी तिला फोन केला का? नाही. चहा निवला होता, तो तसाच पिऊन ऑफिसात गेले. दुपारी तिचा ब्लॉग उघडला तर पोस्ट गायब. दादानंच पुसायला लावली असणार. पण मूळ जागी पुसलं तरी माझ्या रीडरमध्ये एकदा आलेलं राहतं. हे दादाला माहीत नव्हतं, वहिनीलाही नव्हतं. मला होतं.

पुढे ती माहेरी, करडीला निघून गेली. दोन्हीकडची माणसं बैठकीला बसली. दादा म्हणाला, पायरीवरून पडली, आता बनवून सांगते. तेव्हा वहिनीनं माझ्याकडे बोट केलं.

"मी त्याच दिवशी लिवलं होतं. ताई माहं सगळंच वाचते. इचारा तिले."

तिच्या बापानं हात जोडले. "सांगा बाई, वाचलं का तुमी?"

मोबाइल माझ्या पर्समध्ये होता, पर्स मांडीवर. दादा माझ्याकडे बघतही नव्हता — इतकी त्याला माझी खात्री होती.

"नाही," मी म्हणाले. "मले तसं काही दिसलं नाही."

घाबरले होते? कुणाला? दादानं मला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. मला माझं माहेर हवं होतं, एवढंच. ते राहावं म्हणून मी तिला तिच्या माहेरातून उठवलं. त्याच दिवशी ती दादाच्या गाडीवर मागे बसून सिहोऱ्याला परत गेली.

त्यानंतर तिनं एक ओळ लिहिलेली नाही. त्या चार ओळी अजून माझ्याकडे आहेत. अधूनमधून वाचते आणि पुन्हा 'न वाचलेलं' अशी खूण करून ठेवते. लाज वाटते. तरी करते.

यंदा भाऊबीजेला गेले होते. दादा पाटावर बसला होता, वहिनी तबक लावत होती. मी तिच्या डाव्या बाजूनं हाक मारली. दोनदा. तिनं मान वळवली नाही. खांद्याला हात लावला तशी दचकली.

"इकडून आयकू येत नाही मले, ताई," ती म्हणाली, आणि दिवा लावून तबक माझ्या हातात दिलं.

मी दादाला ओवाळलं.